विश्लेषण : डीजेच्या भिंतीशेजारी हार्ड डिस्क किती सुरक्षित? धोका चुंबकाचा की आवाजाचा?

गणेशोत्सव जवळ आला की मंडपात सीसीटीव्ही बसवा, असे आवाहन पोलीस मंडळांना करतात. मंडळेही कॅमेरे बसवतात, त्यांचा कोन तपासतात. मात्र त्या कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठवणारा डीव्हीआर कुठे ठेवला आहे, याकडे फारसे कोणी पाहत नाही. विजेची जोडणी जिथे मिळेल तिथे तो ठेवला जातो. म्हणजे बहुधा मंचामागे, ॲम्प्लिफायर आणि स्पीकरच्या शेजारी. स्पीकरमधील चुंबकामुळे डिस्कवरचा डेटा पुसला जातो, अशी भीती आजही अनेकांना वाटते. प्रत्यक्षात चुंबकाचा धोका नगण्य आहे. खरा धोका आहे तो त्या स्पीकरमधून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा. गर्दी आणि गोंगाट टिपेला पोहोचतो, नेमक्या त्याच वेळचे चित्रीकरण या आवाजामुळे हातचे जाऊ शकते.

चुंबकाची भीती आली कुठून?

ही भीती निराधार नव्हती. कॅसेट, फ्लॉपी, एटीएम कार्डावरची काळी पट्टी या सगळ्यांवर माहिती चुंबकीय कणांच्या स्वरूपात असते. हे कण विस्कटण्यासाठी किती जोरदार चुंबकीय क्षेत्र लागते, हे ‘ओर्स्टेड’ या एककात मोजतात. जुन्या कॅसेट, फ्लॉपी आणि साध्या चुंबकीय पट्ट्यांसाठी हा आकडा साधारण ३०० ते ७०० ओर्स्टेडच्या घरात होता. मोठ्या स्पीकरवर फ्लॉपी ठेवून ती खराब होणे त्यामुळे शक्य होते. जुन्या काचेच्या मॉनिटरजवळ स्पीकर ठेवला तर पडद्यावर रंगांचे डाग पडत. म्हणूनच संगणकासोबत मिळणाऱ्या स्पीकरवर ‘मॅग्नेटिकली शिल्डेड’ असे छापलेले असे. घरात नाट्यसंगीताच्या किंवा कीर्तनाच्या जुन्या कॅसेट असतील, तर त्या आजही स्पीकरवर ठेवू नयेत.

हार्ड डिस्कला ही भीती का लागू नाही?

आजच्या हार्ड डिस्कच्या तबकडीवरील कण विस्कटायला काही हजार ओर्स्टेडचे क्षेत्र लागते. शिवाय चुंबकाचा प्रभाव अंतरागणिक झपाट्याने ओसरतो. चुंबकापासून पुरेसे दूर असताना अंतर दुप्पट केले की क्षेत्र साधारण आठपट घटते. त्यामुळे लाकडी खोक्यात बसवलेल्या स्पीकरचे चुंबक, काही सेंटिमीटरवरच्या डिस्कमधील माहितीही सहसा पुसू शकत नाही.

याहून बोलका पुरावा डिस्कच्या पोटातच आहे. हार्ड डिस्क उघडली तर आत निओडिमियमचे अतिशय ताकदवान चुंबक सापडतात. माहिती वाचणारा आणि लिहिणारा ‘हेड’ ज्या दांडीच्या टोकाला असतो, ती दांडी हलवण्याचे काम ते करतात. या यंत्रणेचे नावच ‘व्हॉइस कॉइल मोटर’ आहे. स्पीकरमध्ये चुंबकीय क्षेत्रातल्या कॉइलमधून वीज वाहते आणि पडदा थरथरतो; डिस्कमध्ये त्याच तत्त्वावर दांडी सरकते. स्पीकर आणि हार्ड डिस्क हे एका अर्थाने चुलतभाऊच. अर्थात उघडे, मोठे चुंबक डिस्कला चिकटवून ठेवण्यात शहाणपण नाही. पण तबकडीपासून अगदी जवळ इतके जोरदार चुंबक वर्षानुवर्षे राहू शकत असेल, तर बाजूच्या टेबलावरच्या स्पीकरच्या चुंबकाची चिंता करण्याचे कारण नाही.

मग आवाजाने डिस्क कशी अडखळते?

हार्ड डिस्कमधील तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते. तिच्या पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर हेड तरंगत असते. मोठ्या क्षमतेच्या आजच्या डिस्कमध्ये एका इंचात चार ते पाच लाख ट्रॅक असतात. म्हणजे एका ट्रॅकची रुंदी साधारण ५० नॅनोमीटर. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे हजाराहून अधिक ट्रॅक शेजारीशेजारी बसतात.

लिहिताना हेड ट्रॅकच्या मध्यापासून त्याच्या रुंदीच्या साधारण एकदशांश इतके जरी सरकले, तरी लेखन थांबवले जाते. अन्यथा शेजारच्या ट्रॅकवरची माहिती खराब होईल. एकदशांश म्हणजे सुमारे पाच नॅनोमीटर. वाचताना थोडी अधिक सूट असते, कारण चुकीचे वाचले तर पुन्हा वाचता येते. चुकीच्या जागी लिहिले, तर आधीचे पुसले जाते. त्यामुळे आवाजाचा फटका आधी लेखनाला बसतो, वाचनाला नंतर.

आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. तो डिस्कच्या कवचावर आदळतो, कवच थरथरते आणि ती थरथर दांडीपर्यंत पोहोचते. ढोल किंवा सबवूफरचा खालचा ‘बास’ हवेबरोबरच फळी, मंच आणि टेबल यांमधूनही डिस्कपर्यंत जातो. डिस्कमधील नियंत्रण यंत्रणा हेडला सतत मार्गावर आणत असते. मात्र दांडीच्या किंवा कवचाच्या नैसर्गिक कंपनाशी आवाजाची फ्रिक्वेन्सी जुळली, तर ही यंत्रणा अपुरी पडते.

हेड भरकटले की डिस्क पुढच्या फेरीची वाट पाहते. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये एक फेरी साधारण ८.३ मिलिसेकंदांची असते. एखादी फेरी वाया गेली तर कुणाला कळतही नाही. पण शंभर फेऱ्या वाया गेल्या तर पाऊण सेकंदाहून अधिक काळ सगळे ठप्प होते. तेवढ्या वेळात नवा डेटा येतच राहतो. काही वेळाने ऑपरेटिंग सिस्टीम डिस्क निकामी झाल्याचे गृहीत धरते आणि ती यादीतूनच काढून टाकते. धक्का फार मोठा असेल तर हेड तबकडीला घासते, आणि मग नुकसान कायमचे असते.

प्रत्यक्षात असे कुठे घडले आहे का?

१० सप्टेंबर २०१६ रोजी रुमानियाची राजधानी बुखारेस्टमध्ये आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये अग्निशमन यंत्रणेची नियोजित चाचणी सुरू होती. अशा यंत्रणेत पाण्याऐवजी निष्क्रिय वायू मोठ्या दाबाने सोडतात, जेणेकरून संगणक भिजू नयेत. वायूने आपले काम चोख केले, पण तो नोझलमधून बाहेर पडतानाचा आवाज १३० डेसिबलहून अधिक होता. अनेक हार्ड डिस्क खराब झाल्या. कार्ड, एटीएम आणि इंटरनेट बँकिंगच्या सेवा सुमारे १० तास विस्कळीत राहिल्या. त्या दिवशी कुठेही आग लागलेली नव्हती.

एप्रिल २०१८ मध्ये स्वीडनमध्ये याचीच पुनरावृत्ती झाली. डिजिप्लेक्स कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये वायूचे अग्निशमन सुरू झाले, त्या आवाजाने सर्व्हरमधील डिस्क बंद पडल्या आणि नॅसडॅकच्या नॉर्डिक शेअर बाजारांतील व्यवहार काही तास खोळंबले.

त्याआधी, २००८ च्या अखेरीस, सन मायक्रोसिस्टिम्समधील अभियंता ब्रेंडन ग्रेग याने एक साधा प्रयोग करून त्याचा व्हिडीओ प्रसिद्ध केला होता. डेटा सेंटरमधील डिस्कच्या रांगेजवळ तोंड नेऊन तो जोरात ओरडला आणि संगणकाच्या पडद्यावर डिस्कचा प्रतिसाद लगेच मंदावलेला दिसला. स्पीकर नाही, वायू नाही. नुसता माणसाचा आवाज. मात्र तोंड डिस्कपासून अगदी जवळ होते, हे महत्त्वाचे. त्यावेळी डिस्क खराब झाल्या नाहीत, फक्त अडखळल्या.

एका गाण्याने लॅपटॉप बंद पडू शकतो?

ऑगस्ट २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टमधील अभियंता रेमंड चेन याने एक जुना किस्सा सांगितला. जॅनेट जॅक्सनचे ‘ऱ्हिदम नेशन’ हे १९८९ चे गाणे वाजवले की एका कंपनीचे लॅपटॉप बंद पडत. इतकेच नव्हे, तर शेजारच्या टेबलावरचा, ते गाणे न वाजवणारा लॅपटॉपही बंद पडे. त्या गाण्यात एक फ्रिक्वेन्सी अशी होती, की जी त्या लॅपटॉपमधील ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कच्या नैसर्गिक कंपनाशी जुळत होती. कंपनीने ती फ्रिक्वेन्सी गाळून टाकणारा फिल्टर आवाजाच्या यंत्रणेत बसवला. या त्रुटीला सायबर सुरक्षेच्या जागतिक यादीत ‘सीव्हीई-२०२२-३८३९२’ असा अधिकृत क्रमांकही मिळाला.

क्रमांक देण्यामागे कारण आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठ आणि चीनमधील चच्यांग विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘ब्लू नोट’ या शोधनिबंधात दाखवले, की ठरावीक फ्रिक्वेन्सीचा आवाज सोडून डिस्क मुद्दाम अडखळवता येते, आणि त्यासाठी लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकरही वापरता येतो. विंडोज आणि उबंटू या दोन्ही प्रणाली त्यात कोलमडल्या. म्हणजे हा प्रश्न अपघाताचा जसा आहे, तसा घातपाताचाही आहे.

सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला धोका अधिक का?

पहिले कारण कामाच्या स्वरूपात आहे. तुमचा संगणक बहुतेक वेळ डिस्कवर काहीच करत नसतो. डीव्हीआर मात्र चोवीस तास लिहीत असतो, आणि आवाजाने सर्वात आधी अडखळते ते लेखनच. दुसरे कारण म्हणजे कॅमेऱ्यातून येणारे चित्र थांबत नाही. डिस्क लिहू शकली नाही, तर थोडे चित्रीकरण तात्पुरत्या मेमरीत थांबते. ती भरली की पुढची दृश्ये सरळ गळतात. तिसरे कारण साधे आहे. कॉपी अडकली तर संगणकासमोर बसलेल्या माणसाला कळते. डीव्हीआरसमोर बहुधा कोणीच बसलेले नसते.

अमेरिकेतील प्रिन्स्टन आणि पर्ड्यू विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१७ मध्ये डीव्हीआरवरच प्रयोग केला. जवळून, निवडक फ्रिक्वेन्सीचा आवाज काही मिनिटे सोडल्यावर डिस्क गायब झाल्याची सूचना पडद्यावर आली आणि त्या काळातील चित्रीकरण कायमचे गेले. प्रयोगशाळेत फ्रिक्वेन्सी नेमकी निवडलेली होती; डीजेच्या गाण्यांत ती नेमकी असेलच असे नाही. पण डीजेच्या आवाजात शेकडो फ्रिक्वेन्सी एकाच वेळी, तासन् तास असतात.

याचा अर्थ काय, हे मंडळांनी समजून घ्यायला हवे. सोनसाखळी चोरी, विनयभंग, चेंगराचेंगरी, हाणामारी यांचा तपास करताना पोलीस आधी फुटेज मागतात. हे प्रकार घडण्याची शक्यता गर्दीच्या वेळी सर्वाधिक, आणि गर्दीच्या वेळीच आवाज सर्वाधिक. दिवसभराचे निवांत चित्रीकरण शाबूत आणि रात्री नऊ ते दहाचे गायब, असे झाले तर कॅमेरे बसवण्याचा हेतूच फसतो. शिवाय रिकाम्या फुटेजमुळे मंडळावर संशय येऊ शकतो, तो वेगळाच.

किती डेसिबलपासून काळजी करावी?

सीमेन्स कंपनीने अग्निशमन वायूच्या आवाजाबाबत केलेल्या चाचण्यांत ११० डेसिबलच्या आसपास डिस्कच्या कामगिरीत घट दिसू लागली होती. डिस्कचे मॉडेल, ती कशी बसवली आहे आणि आवाजाची फ्रिक्वेन्सी यांनुसार हा आकडा खालीवर होतो. त्यामुळे ती लक्ष्मणरेषा नव्हे, इशारा समजावा.

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीत सीओईपीचा चमू अनेक वर्षांपासून आवाजाची पातळी मोजतो. त्या नोंदींत १०० डेसिबलच्या आसपासचे आकडे अनेकदा दिसले आहेत. १०० आणि ११० मध्ये फक्त दहाचा फरक वाटतो, पण डेसिबलची मोजपट्टी सरळ नाही. १० डेसिबल वाढले की हवेतील दाब तिपटीहून अधिक होतो. एकाच बिंदूतून निघणाऱ्या आवाजासाठी अंतर निम्मे केले की ६ डेसिबल वाढतात. म्हणजे आठ मीटरवर १०० डेसिबल असेल, तर अडीच मीटरवर तो ११० होतो. डीजेची भिंत हा एक बिंदू नसून मोठा पृष्ठभाग असतो. तिच्याजवळ आवाज याहून सावकाश ओसरतो, त्यामुळे दोन पावले मागे सरकून भागत नाही.

घरातल्या होम थिएटरचे काय? घरी आपण साधारण ७० ते ८५ डेसिबलने ऐकतो. ११० डेसिबलच्या तुलनेत हा दाब पंधरा-वीस पटींपासून शंभर पटींपर्यंत कमी आहे. टीव्हीशेजारी ठेवलेल्या डिस्कची काळजी नको. फक्त पोर्टेबल हार्ड डिस्क सबवूफरच्या खोक्यावर ठेवू नये. तिथे आवाजापेक्षा थेट हादरा जास्त असतो.

एसएसडी आणि मोबाइल सुरक्षित आहेत का?

एसएसडी, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि मोबाइलमधील स्टोरेज यांत हलणारा एकही भाग नाही. माहिती चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपात असते. त्यामुळे आवाज किंवा स्पीकरचे चुंबक यांचा त्यांवर परिणाम होत नाही. मात्र एसएसडी म्हणजे तिजोरी नव्हे. वापरून झिजलेली एसएसडी विजेविना कपाटात पडून राहिली, तर माहिती हळूहळू पुसट होऊ शकते. उद्योगाच्या मानकांनुसार आयुर्मर्यादा संपत आलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती धरून ठेवावी, एवढीच अपेक्षा आहे. लग्नाचे व्हिडीओ दहा वर्षे जपायचे तर एकाच ड्राइव्हवर विसंबू नये.

मोबाइलच्या बाबतीत काळजी स्टोरेजची नाही, कॅमेऱ्याची आहे. अनेक फोनमध्ये चित्र स्थिर ठेवणारी ‘ओआयएस’ यंत्रणा असते आणि तीही बहुधा व्हॉइस कॉइल मोटरवरच चालते. तीव्र कंपने दीर्घकाळ बसली तर ती बिघडू शकते, असे ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये मोटारसायकलच्या हँडलवर आयफोन लावणाऱ्यांना सांगितले होते. स्पीकरला टेकवून फोन ठेवून तासभर लाइव्ह करणे म्हणूनच टाळलेले बरे.

मंडळे, डीजे आणि छायाचित्रकारांनी काय करावे?

जागा बदला. डीव्हीआर किंवा एनव्हीआर मंचामागे न ठेवता मंडळाच्या कार्यालयात किंवा शेजारच्या बंद खोलीत ठेवा. आयपी कॅमेऱ्यांची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत चालते. स्पीकर आणि रेकॉर्डर यांच्यामध्ये एक पक्की भिंत आली, तरी मोठा फरक पडतो.

हादरा तोडा. स्पीकर ज्या फळीवर किंवा मंचावर आहेत, त्यावर रेकॉर्डर नको. वेगळ्या टेबलावर, खाली जाड रबर घालून ठेवा. पण आवाज अडवण्यासाठी तो गादीत किंवा चादरीत गुंडाळू नका. हवा कोंडली की डिस्क तापते, आणि बहुतेक डिस्कची कमाल मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते.

दुसरी प्रत ठेवा. मेमरी कार्डची सोय असलेले कॅमेरे घेतल्यास रेकॉर्डर अडखळला तरी कार्डावर चित्रीकरण सुरू राहते. महत्त्वाचे फुटेज त्याच रात्री वेगळे काढा. जागा भरली की रेकॉर्डर जुन्यावर नवे लिहितो.

लॅपटॉप तपासा. डीजे कन्सोलवरच्या लॅपटॉपमध्ये एसएसडीच हवी. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ उघडल्यावर डिस्कच्या नावाखाली एचडीडी की एसएसडी ते दिसते. छायाचित्रकारांनी कार्डातले फुटेज हार्ड डिस्कवर उतरवण्याचे काम मिरवणुकीच्या गाडीवर करू नये.

बंद डिस्कची चिंता नको. बंद असताना हेड तबकडीपासून दूर, आपल्या जागी उभे असते. धक्का सोसण्याची तिची क्षमता तेव्हा चालू अवस्थेपेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणून नेआण करताना ती नीट इजेक्ट करून बंद करावी. टकटक आवाज येऊ लागला तर पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये. आधी डेटा रिकव्हरीच्या जाणकाराकडे न्यावी.

हा प्रश्न फक्त मंडपापुरता आहे का?

नाही. देशातील डेटा सेंटरच्या क्षमतेचा सर्वात मोठा वाटा मुंबई आणि नवी मुंबई परिसरात आहे. क्लाउडवर ठेवलेल्या आपल्या फोटो-व्हिडीओंचा मोठा हिस्सा शेवटी फिरत्या हार्ड डिस्कवरच जातो, कारण मोठ्या प्रमाणावर साठवणुकीसाठी ती अजूनही स्वस्त पडते. बुखारेस्टसारख्या घटनांनंतर आवाज कमी करणारी नोझल बाजारात आली आहेत. ती बसवणे आणि चाचणीपूर्वी डिस्क बंद ठेवणे, हा तिथला उपाय आहे.

मंडपातला सर्वात सोपा उपाय अर्थातच आवाज कमी करणे. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेसाठी अमेरिकेतील ‘नायोश’ ही संस्था १०० डेसिबलचा आवाज दिवसाला १५ मिनिटांहून अधिक ऐकू नये, असे सांगते. डिस्क बदलता येते, कानाचा बॅकअप घेता येत नाही.

तोवर मंडळांनी एक चाचणी अवश्य करावी. प्रतिष्ठापनेच्या आदल्या दिवशी साउंड सिस्टीम तपासली जातेच. त्या दहा मिनिटांत सगळे कॅमेरे सुरू ठेवा. नंतर तेवढ्या वेळेचे प्रत्येक कॅमेऱ्याचे फुटेज उघडून पाहा. टाइमलाइनमध्ये कुठे खंड दिसला, तर डीव्हीआर त्याच दिवशी हलवा.